बिडाच्या भांड्याचा कुलवृत्तांत

मेलबर्न शहरातून उत्तरेकडे सुमारे १८० किलोमीटर गेले की गोलबर्न नदीच्या काठी शेपर्टन हे गाव लागते. सपाट मुलूख, पाटाचे पाणी, नासपती आणि पीचच्या बागा, फळे डबाबंद करण्याचे कारखाने, अशी या गावाची ओळख. गावाच्या दक्षिणेस कियाला येथे फर्फी घराण्याचे संग्रहालय आहे. तेथे प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेतात त्या पाण्याच्या गाड्या. दोन चाकांची, घोड्याने ओढावयाची गाडी, तीवर आडवे बसविलेले १८० गॅलनांचे लोखंडी पिंप आणि पिंपाच्या दोन्ही तोंडांना बिडाच्या मोठ्या गोल चकत्या. चकतीवर कारखानदाराचे नाव, गावाचे नाव आणि चांगल्याचे अधिक चांगले होईपर्यंत थांबू नये, अशा आशयाचे एक पद्य उठावदार अक्षरांत ओतलेले असते. पुढच्या पिढीने त्यात लघुलिपीतील मजकुराची भर घातली. पाणी ही ईश्वराची देणगी आहे, मद्य नव्हे, असा त्याचा बोध.

या कारखान्याचा संस्थापक जॉन फर्फी. १८४२ साली मेलबर्नजवळ त्याचा जन्म झाला. १८६४ मध्ये त्याने किनेटन येथे लोहारकामाचे दुकान घातले आणि १८७३ मध्ये ते शेपर्टनला आणले. त्या काळी या भागात नवी शेते पडत होती. नांगर, गाड्या, चाके यांची गरज रोज वाढत होती. फर्फीने मालाबरोबर आपले नावही लोखंडात ओतले, आणि ते नाव खेडोपाडी पोहोचले.

पुढे त्या नावाचे जे झाले ते मात्र विलक्षण आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज येथील लष्करी छावणीत फर्फीच्या गाड्यांतून पाणी येई. गाडीभोवती सैनिक जमत. कोणती तुकडी कोठे जाणार, जहाज कधी निघणार, याविषयीच्या खऱ्याखोट्या बातम्या तेथेच एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जात. थोड्याच काळात निराधार बातमीला ‘फर्फी’ हे नाव पडले आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजीत ते कायमचे रुजले. ज्या कारखानदाराने आपल्या मालाची जबाबदारी म्हणून त्यावर नाव ओतले, त्याचेच नाव ज्याचा धनी सापडत नाही अशा वार्तेला मिळाले.

याच कारखान्याने गाड्यांबरोबर बिडाची भांडीही ओतली. त्यांतील एक भांडे आज ऑस्ट्रेलियातील संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहे. त्याचे नाव कॅम्प ओव्हन. या भांड्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्यास दोन साक्षीदार भेटतात. एक लोखंडावर ओतलेले नाव आणि दुसरी तोंडोतोंडी आलेली कथा. या दोहोंत तारतम्य राखणे हेच त्या छंदातील खरे काम आहे.

कॅम्प ओव्हन म्हणजे जाड बिडाचे, सरळ किंवा किंचित फुगीर बाजूंचे, तीन आखूड पायांचे भांडे. उचलण्यासाठी त्याला तारेची अर्धगोल कडी असते. त्याचे मर्म झाकणात आहे. झाकण जवळजवळ सपाट असून त्याच्या कडेला उभा काठ असतो. या काठामुळे झाकणावर निखारे ठेवता येतात व ते खाली घसरत नाहीत. पायांमुळे भांड्याखालीही निखारे पसरता येतात. अशा रीतीने उघड्या माळावर, भिंत वा चूल नसताना, वरून आणि खालून सारखी आच देणारी भट्टी तयार होते. पाव भाजताना झाकणावर अधिक व खाली कमी निखारे ठेवावयाचे, हा तेथील जुना नियम. बीड सावकाश तापते आणि तापल्यावर उष्णता दीर्घकाळ धरून ठेवते. ज्या घरी बिडाचा तवा अथवा अप्पेपात्र आहे, तेथे हा गुण वेगळा सांगावयास नको.

या भट्टीतील सर्वांत साधा पदार्थ म्हणजे ‘डॅम्पर’. पीठ, पाणी आणि मीठ, पुढे त्यात खाण्याचा सोडा, एवढेच त्याचे साहित्य. जाडसर गोळा भांड्यात ठेवून अर्धा-पाऊण तास भाजतात आणि तळावर बोटांनी ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला की तो भाजला असे समजावे. गुरे हाकणाऱ्यांच्या तळावर याच भांड्यात मांसही शिजत असे. त्यामुळे शाकाहारी घरातील संग्राहक असे भांडे बहुधा पाहण्यासाठीच ठेवील, स्वयंपाकासाठी नव्हे. परंतु दुकानापासून शेकडो मैल दूर असलेल्या माणसाला ताजी भाकरी देणारे साधन म्हणून त्याचे मोल त्यालाही पटेल.

भांडे ऑस्ट्रेलियाचे म्हणून ओळखले जात असले तरी त्याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे ओतीव भांडी मुख्यतः पितळेची असत व ती महाग पडत. ब्रिस्टलच्या पितळी कारखान्यातून पुढे आलेल्या अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात पातळ लोखंडी भांडी ओतण्याची रीत बसविली आणि १७०७ मध्ये तिचे एकाधिकारपत्र मिळविले. १७०९ मध्ये कोलब्रुकडेल येथे त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड वितळविले. ही घटना औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात मोठी मानली जाते. तिच्या मुळाशी सामान्य घराला परवडेल असे भांडे करण्याची धडपड होती.

पुढे स्कॉटलंडमधील फॉल्कर्क हा भाग बिडाच्या मालाचे माहेरघर झाला. कॅरन नदीवरील कॅरन कंपनी १७५९ मध्ये आणि फॉल्कर्क आयर्न कंपनी १८१९ मध्ये निघाली. इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच येथे केनरिक घराण्याचा कारखाना १७९१ पासून चालू होता. या भागांतील बिडाची भांडी जहाजांतून वसाहतींना जात. १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया येथे सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि हजारो माणसे तंबू, फावडे व पीठ घेऊन खाणींकडे निघाली. त्या काळच्या वर्तमानपत्रांत व्यापाऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या की खिळे, कुऱ्हाडी, चहा, साखर यांच्या पंक्तीत ‘कॅम्प ओव्हन’ हे शब्द दिसतात. सोने शोधणाऱ्यांतील पुष्कळांच्या हाती थोडेच लागले. त्यांना सामान विकणाऱ्या दुकानदाराचा व्यवहार त्या मानाने अधिक खात्रीचा होता.

शतकाच्या उत्तरार्धात स्थानिक ओतशाळा वाढल्या. शेपर्टनचा फर्फी त्यांपैकी एक. ॲडलेडमध्ये उगम पावलेली मेटर्स ही दुसरी. तिची ‘अर्ली कूका’ ही कूकाबरा पक्ष्याचे चित्र असलेली गॅसची शेगडी पुढे घरोघर पोहोचली. आज संग्राहक जेव्हा जुने भांडे उलटून पाहतो, तेव्हा ते समुद्र ओलांडून आले की येथेच ओतले गेले, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

शोधाची वाट पुढे शेपर्टनपासून दूर, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाकडे वळते. तेथे लोखंडी सामान, पीठ आणि चहा आत नेण्याचे काम उंटांनी केले, आणि ते उंट हिंदुस्थानातून गेले होते. १८६० च्या बर्क व विल्स यांच्या मोहिमेसाठी २४ उंट कराचीहून मेलबर्नला नेण्यात आले. १८६६ मध्ये टॉमस एल्डर याने शंभरांहून अधिक उंट व ३१ उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टा येथे आणविले आणि बेल्टाना येथे त्यांची पैदास सुरू केली. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातील बंदर होते. म्हणजे या तांड्यांच्या प्रवासाचा आरंभ मुंबई सरकारच्या हद्दीतून झाला. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, पण त्यांत बलुची, सिंधी आणि पंजाबी माणसेही होती. मरी या गावी त्यांनी आपली वस्ती आणि मशीद उभारली. त्यांच्याच नावावरून आजच्या आगगाडीला ‘घान’ हे नाव मिळाले.

याच सुमारास पंजाब व सिंधमधून आलेले फेरीवाले व्हिक्टोरियाच्या खेड्यांत दिसू लागले. प्रथम पाठीवर गाठोडे, मग घोडागाडी, अशी त्यांच्या व्यापाराची वाढ होई. कापड, सुई-दोरा आणि किरकोळ घरगुती वस्तू ते दूरच्या शेतघरांपर्यंत नेत, उधारी देत, आणि पुढच्या फेरीला वसूल करीत. वाटेत आपले अन्न ते आपल्या हातानेच शिजवीत. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने नव्याने येणाऱ्यांची वाट बहुतेक बंद झाली. जे राहिले त्यांतील अनेकांची नावे इंग्रजी कागदांत चुकीच्या रूपांत नोंदली गेली.

येथे भांड्याच्या कुलवृत्तांतातील मोठी उणीव उघड होते. कारखानदाराचे नाव लोखंडात आहे, परंतु त्या भांड्याने कोणाचे पोट भरले ते कोठेही ओतलेले नाही. गुरांच्या तळावरचा चिनी आचारी, मजुरीऐवजी पीठ-चहा-साखरेचा शिधा घेऊन राबलेली आदिवासी माणसे, मातीच्या झोपडीत उघड्या चुलाण्यावर दहा जणांचे रांधणारी शेतकऱ्याची बायको, यांचे हात त्या कडीला लागले होते. निखाऱ्यांत भाजलेल्या भाकरीची विद्याही त्या भूमीत जुनी आहे. तेथील आदिवासी स्त्रिया रानातील बी दगडावर दळून त्याचे रोट राखेत भाजीत, ते युरोपीय माणूस येण्यापूर्वी हजारो वर्षे.

महाराष्ट्रात याच्या नेमकी उलट रीत आहे. लग्नात दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यावर नाव घालतात. देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, तिथी वा तारीख, कधी गावही. घडविणाऱ्या तांबटाचे नाव मात्र त्यावर बहुधा नसते. घराण्याचा माग लागतो, कारागिराचा लागत नाही. ऑस्ट्रेलियात कारखान्याचा लागतो, घराण्याचा लागत नाही. दोन्हीकडे अर्धीच वही उरते.

क्वीन्सलंडच्या पश्चिम टोकाला, सिम्सन वाळवंटाच्या कडेशी, बेडूरी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे या भांड्याची दुसरी जात नांदते. बिडाचे बारा इंची भांडे आठ-दहा किलोंच्या घरात भरते आणि बीड कठीण असले तरी ठिसूळ असते. ओझ्याच्या घोड्यावरून ते दगडावर पडले की तडा जातो, आणि पुढचे दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर. या अडचणीतून पोलादी पत्र्याचे हलके भांडे निघाले व त्याला गावाचेच नाव मिळाले. ‘बेडूरी’चे झाकण खोलगट असून उलटे केल्यास तव्यासारखे वापरता येते. पडले तर त्याला पोचा येतो, ते फुटत नाही. बिडाइतकी उष्णता ते धरीत नाही, म्हणून निखाऱ्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. गुरे हाकणाऱ्यांनी हा तोटा जाणूनबुजून पत्करला.

आता शोधाच्या रीतीविषयी. जाणता संग्राहक भांडे हाती आले की प्रथम ते उलटे करतो. जुन्या बिडाच्या भांड्यांच्या तळाशी रस ओतला त्या जागेची खूण असते. कधी ती गोल असते, कधी लांबट रेघेसारखी. रस बाजूने ओतण्याची पद्धत रूढ झाल्यावर तळ साफ दिसू लागले. मग तो अक्षरे व आकडे पाहतो. इंचांत माप असले म्हणजे भांडे जुनेच, असे ठरत नाही, कारण ऑस्ट्रेलियाने १९७० च्या दशकात मेट्रिक मापे स्वीकारल्यानंतरही नव्या भांड्यांवर इंच लिहिले जातात. क्वचित एखाद्या ब्रिटिश बिडाच्या वस्तूवर चौकटीच्या आकाराची नोंदणीची मुद्रा आढळते. अशी मुद्रा १८४२ ते १८८३ या काळात वापरात होती. तिच्या कोपऱ्यांतील अक्षरांवरून वर्ष, महिना व दिवस काढता येतो. १८८४ पासून तिच्या जागी केवळ क्रमांक आला. तथापि ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची असते, भांडे ओतल्याची नव्हे. एकाच नमुन्यावरून पुढे कित्येक वर्षे भांडी निघत.

तिसरी पाहणी झाकणाची. झाकण आणि भांडे यांचे बीड, जाडी व कड जुळते का? जुन्या वस्तूंच्या बाजारात परक्या झाकणाच्या जोडीला गमतीने ‘विवाह’ म्हणतात. असा विवाह सांगून विकला तर दोष नाही. लपवून विकला तर मात्र ग्राहकाची फसवणूक होते. शेवटी कडी पाहतात. मूळ कडी झिजून गेल्यावर कोणी कुंपणाची तार पिळून बसविलेली असते. व्यापारी दृष्टीने ही खोड, परंतु भांडे खरोखर वापरले गेले याचा एवढा चांगला पुरावा क्वचितच मिळतो. म्हणून पुष्कळ संग्राहक ती तार तशीच ठेवतात.

लोखंड बोलावयाचे थांबले की कागदांकडे जावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००९ पासून ‘ट्रोव्ह’ या नावाने जुनी वर्तमानपत्रे संगणकावर सर्वांस विनामूल्य वाचावयास ठेवली आहेत. त्यांतील जहाजांच्या मालाच्या याद्या, दुकानांच्या जाहिराती आणि शेतघरांच्या लिलावाच्या सूचना यांतून कोणत्या गावी कोणता माल कधी विकला जात होता हे कळते. एखाद्या ठरावीक भांड्याचा धनी मात्र त्यातून सहसा कळत नाही.

आणि येथेच फर्फी, म्हणजे निराधार वार्ता, डोके वर काढते. शेपर्टनपासून फार लांब नसलेल्या ग्लेनरोवन येथे १८८० मध्ये नेड केली हा दरोडेखोर पकडला गेला. नांगराच्या पत्र्यांचे चिलखत घालून लढलेला हा माणूस तेथे लोककथेचा नायक आहे. त्या मुलखातल्या जुन्या भांड्याला त्याच्या टोळीची कथा चिकटविणे फार सोपे असते, आणि कथा चिकटली की किंमत चढते. विकणारा खोटे बोलतो असेही दर वेळी नसते. आजोबांनी सांगितले ते तो सांगतो. आजोबांनी कोणाकडून ऐकले ते कोणीच विचारलेले नसते. अशा एका कथेने एका भांड्याचे भले झाले, तरी तिची शंका इतर भांड्यांच्या खऱ्या कथांवरही पडते. ज्या घराकडे भांड्याची खरी आठवण आहे, त्याच्या शब्दाचे मोल त्यामुळे कमी होते. हे नुकसान पैशात मोजता येत नाही.

भांड्याची निगाही याच सावधपणाने करावी लागते. गंज काढण्यासाठी भांडे रसरशीत आगीत टाकण्याची रीत काही जण अवलंबितात. त्याने बीड वाकडे होते, पृष्ठभाग लालसर व खरबरीत होतो आणि पुसट अक्षरे कायमची जातात. तापल्या भांड्यात थंड पाणी ओतले तर तडा जातो. घासणी, धीर, आणि मग तेलाचे पातळ लेप देऊन पुन:पुन्हा तापविणे, हाच सुरक्षित मार्ग. चांगले मुरलेले बीड काळेभोर व गुळगुळीत दिसते. ती चकाकी वर्षांच्या वापराने येते.

असे मुरलेले बीड निखाऱ्यांवर पाहावयाचे तर क्वीन्सलंडमधील मिलमेरन गाठावे. डार्लिंग डाउन्सच्या या शेतीप्रधान गावी दर दोन वर्षांनी कॅम्प ओव्हनचा उत्सव भरतो. मैदानात चुलींच्या रांगा लागतात, धुराचा वास पसरतो, डॅम्परच्या स्पर्धा होतात. काही कुटुंबे नवी भांडी आणतात, तर काही पणजोबांपासून चालत आलेली. अनेक तरुणांना तेथेच प्रथम कळते की घरातील अडगळीत पडलेल्या बिडाच्या तळाशी एखादे नाव आहे.

काळजीने काम करणारे संग्राहक प्रत्येक भांड्यासाठी एक चिठ्ठी ठेवतात. तिच्या मधोमध उभी रेघ ओढलेली असते. डावीकडे लोखंडावर जे दिसते ते लिहावयाचे: अक्षरे, माप, तळाची खूण, झाकण मूळचे की परके, कडी कशाची. उजवीकडे जे ऐकले ते: कोणी सांगितले, केव्हा, आणि त्याने ते कोणाकडून ऐकले. उजवीकडचा मजकूर पुरावा मिळेपर्यंत डावीकडे न्यावयाचा नाही. रोजकीर्द आणि खतावणी पाहत वाढलेल्या घरांना ही शिस्त नवी वाटणार नाही. येणे असलेली रक्कम हाती आल्याशिवाय जमेस धरावयाची नसते.

कित्येक चिठ्ठ्यांत उजवी बाजू एका ओळीची असते. अमक्या शेतघराच्या लिलावात घेतले, मालकीणबाई म्हणाल्या की आई यात पाव भाजत असे. आईचे नाव विचारून तेही तेथे लिहावे, असे जुने संग्राहक नव्यांना सांगतात. मग थंड झालेले भांडे तेलाच्या फडक्याने पुसावयाचे, ओल राहू नये म्हणून आत कोरडा कागद घालावयाचा, त्यावर ती चिठ्ठी ठेवावयाची आणि झाकण लावावयाचे.